जागा आपली, मते कोणाची? : मुंबई प्रांत ते महाराष्ट्र – केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या प्रतिनिधित्वाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी आम्ही विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला. जागा समाजमंदिराची, बसायला सतरंज्या, आणि समोर साठ-सत्तर मुले-मुली. मी ‘संविधान आणि प्रतिनिधित्व’ या विषयावर तासभर बोललो. कलमे सांगितली, टक्केवारी सांगितली. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला.

“सर, आमचा मतदारसंघ राखीव आहे. खासदार आपल्यातलाच आहे. मग आमच्या वस्तीचं पाणी तोडलं तेव्हा तो आला का नाही?”

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “मग अशा राखीव जागा हव्यात तरी कशाला?”

त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर त्या मुलांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. राखीव जागा ही बाबासाहेबांच्या लढ्याची कमाई आहे, एवढे म्हणून आपण थांबतो. राखीव जागा म्हणजे लाचारी आहे, एवढे म्हणून दुसरे थांबतात. ती जागा कशी घडली, तिच्यात कोणी कोणती कलमे घातली, कोणती काढली, हे दोघेही पाहत नाहीत. म्हणून पूर्वीच्या मुंबई प्रांताचा आणि आजच्या महाराष्ट्राचा केंद्रीय कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे योजले आहे. हा इतिहास वाचताना तीन प्रश्न सतत जवळ ठेवावेत. आपली मोजणी कोणी आणि कशी केली? आपल्या प्रतिनिधीला मते कोण देतो? आणि मत देण्याची रीत कोणती आहे? जागांचा आकडा या तिन्हींच्या नंतर येतो.

नेमणुकीचा काळ

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. ते तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. मताधिकार कोणाला द्यावा आणि मतदारसंघ कसे पाडावेत हे ठरविण्यासाठी ही समिती नेमलेली होती. अस्पृश्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि त्यांच्या स्वतःच्या मतांनी निवडलेले प्रतिनिधी मिळाले पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. येथे ‘स्वतःच्या मतांनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढच्या सदतीस वर्षांत बाबासाहेबांनी या प्रश्नावर निरनिराळ्या योजना मांडल्या, काही बदलल्या, काही सोडल्या. पण हा शब्द त्यांनी कधी सोडला नाही.

त्याच वर्षी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा झाला. केंद्रीय विधानसभेत मुंबई प्रांताला निवडणुकीच्या १६ जागा मिळाल्या. त्या वेळचा मुंबई प्रांत म्हणजे आजचा पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश, शिवाय गुजरातचा भाग, कर्नाटकातील काही जिल्हे आणि सिंध. या सोळांत मुसलमानांच्या वेगळ्या जागा होत्या, युरोपियनांच्या होत्या, जमीनदारांच्या होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या. अस्पृश्यांसाठी एकही नव्हती. मताचा हक्क शेतसारा, मालमत्ता आणि आयकर यांवर बेतलेला होता. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि ज्याची मजुरी धान्यात मिळते, त्याला मत कोठून असणार?

सरकारला आपला माणूस घ्यावासा वाटलाच, तर तो नेमणुकीने घेतला जाई. मद्रासकडचे एम. सी. राजा आणि पुढे एन. शिवराज हे केंद्रीय विधानसभेत असेच नेमणुकीने गेले. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्या नात्याने केंद्रीय विधानसभेत बसू लागले. त्यांनी तेथे केलेले काम मोठे आहे. तरीही ती जागा मतदानाची नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुणे करार आणि दिल्लीची रिकामी खुर्ची

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा जाहीर झाला. त्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. हा इतिहास आपल्या सर्वांना पाठ आहे. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यांपैकी सिंधसह मुंबई प्रांताला १५, हेही पाठ आहे. करारातील दोन गोष्टी मात्र आपण फारशा सांगत नाही.

पहिली गोष्ट प्राथमिक निवडणुकीची. संयुक्त मतदारसंघात थेट मतदान व्हायचे नव्हते. प्रथम फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार उमेदवार निवडायचे, आणि मग त्या चारांतून सर्व मतदारांनी एकाला निवडायचे, अशी व्यवस्था होती. म्हणजे अखेरची निवड सवर्णांच्या हाती गेली तरी ज्याला आपल्या समाजाचा काहीच पाठिंबा नाही असा माणूस पुढे येऊ नये, एवढा एक उंबरठा राखला होता. या प्राथमिक निवडणुकीची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची ठेवली होती.

दुसरी गोष्ट केंद्राची. जातीय निवाडा हा प्रांतिक कायदेमंडळांपुरता होता. केंद्रीय कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी शेकडा १८ जागा अस्पृश्यांना मिळाव्यात, ही तरतूद पुणे कराराने केली. १९३५ च्या कायद्यात ती आकड्यांनी उतरली. संघराज्याच्या विधानसभेत सर्वसाधारण जागा १०५, त्यांपैकी १९ अनुसूचित जातींच्या. मुंबई प्रांताला एकूण ३० जागा, त्यांतील सर्वसाधारण १३, आणि त्या तेरांपैकी २ आपल्या.

या दोन खुर्च्यांवर कोणीही कधी बसले नाही. संस्थाने संघराज्यात आली नाहीत, महायुद्ध सुरू झाले आणि कायद्याचा तो भाग अमलात आलाच नाही. केंद्रात १९१९ चीच रचना १९४७ पर्यंत चालू राहिली. म्हणजे पुणे कराराने प्रांतात जे दिले ते १९३७ साली हाती आले. दिल्लीत जे दिले ते कागदावरच राहिले.

एकच माणूस, दोन वर्षे

१९४६ साली संविधान सभेची निवडणूक झाली. दहा लाख लोकसंख्येमागे एक सभासद, असे प्रमाण होते आणि निवड प्रांतिक विधानसभांच्या सभासदांनी करायची होती. मुंबई प्रांताच्या वाट्याला २१ जागा आल्या. त्याआधी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला होता. प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदार आमच्या बाजूने उभे राहिले आणि अंतिम फेरीत इतरांच्या मतांनी आम्हांला पाडले, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. कारण काहीही धरा, परिणाम एकच झाला. मुंबईच्या विधानसभेत फेडरेशनचे बळ नव्हते आणि मुंबई प्रांताने बाबासाहेबांना संविधान सभेवर पाठविले नाही. त्यांना जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून निवडून आणले.

फाळणीने बंगालची ती जागा गेली. १९४७ च्या जुलैमध्ये बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली मुंबईची जागा बाबासाहेबांना मिळाली. मतदार त्याच विधानसभेचे होते. एका वर्षात बाबासाहेबांची योग्यता वाढली नव्हती की मुंबईच्या आमदारांचे ज्ञान वाढले नव्हते. बदलला होता तो काँग्रेस श्रेष्ठींचा निर्णय. त्या निर्णयाने देशाचे भले झाले, यात शंका नाही. परंतु ज्या प्रतिनिधीचे येणे-जाणे दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे त्याची अवस्था काय असते, हे या दोन वर्षांइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही.

संविधान सभेत स्वतंत्र मतदारसंघ नाकारले गेले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मद्रासचे एस. नागप्पा यांनी एक मधला मार्ग सुचविला होता. राखीव जागेवर निवडून येणाऱ्याने आपल्या जातींच्या मतदारांची किमान ३५ टक्के मते मिळविली पाहिजेत, अशी ती सूचना होती. ती मान्य झाली नाही. पुणे कराराची प्राथमिक निवडणूकही नव्या संविधानात आली नाही. राहिली ती फक्त जागा. कलम ३३० ने लोकसभेत आणि कलम ३३२ ने विधानसभांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या. राज्यसभेत राखीव जागा नाहीत. कलम ३३४ ने या जागांना दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत १९५९ पासून दर दहा वर्षांनी वाढत आली असून २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत नेली आहे. ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’ असे जे कचेरीत आणि कट्ट्यावर ऐकू येते, ते फक्त या कायदेमंडळातील जागांना लागू आहे. नोकऱ्या आणि शिक्षण यांतील आरक्षणाला संविधानाने अशी मुदत घातलेली नाही. हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याला सांगता आला पाहिजे.

वडिलांच्या दोन चिठ्ठ्या

माझे वडील गिरणीकामगार होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचे मत उत्तर मुंबई मतदारसंघात होते. मुंबई राज्याला त्या वेळी लोकसभेच्या ४५ जागा होत्या आणि त्या ३७ मतदारसंघांतून भरावयाच्या होत्या. आठ मतदारसंघ दोन-दोन जागांचे होते. उत्तर मुंबई हा त्यांपैकी एक. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. फेडरेशनचे चिन्ह हत्ती.

वडील सांगत, “दोन्ही चिठ्ठ्या बाबासाहेबांच्याच पेटीत टाकल्या. दुसऱ्या कोणाला द्यायला हात होईना. मागून कळलं, एक चिठ्ठी फुकट गेली.”

ती फुकट का गेली हे मला पुष्कळ वर्षांनी कायदा वाचताना कळले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात असे होते की, दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते आहेत, पण एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. दिले तर जादा मत रद्द. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई प्रांतात झालेल्या निवडणुकांत असे नव्हते. तेथे मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. या रीतीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समजा मतदारसंघात शंभर मतदार आहेत, त्यांत आपले वीस. दोन्ही मते एकाला देता येत असतील तर वीस मतदार आपल्या माणसाच्या पाठीशी चाळीस मते उभी करू शकतात. ती मुभा काढली की वीस मतदारांची वीसच मते उरतात, आणि उरलेली वीस मते एकतर दुसऱ्याच्या पारड्यात टाकावी लागतात किंवा वाया घालवावी लागतात. अल्पसंख्य समाजाला आपले बळ एका जागी गोळा करण्याचे जे साधन होते ते अशा रीतीने गेले. हा कायदा बाबासाहेब विधिमंत्री असतानाच मंजूर झाला, ही गोष्टही दडविण्याचे कारण नाही. आपला इतिहास आपण पूर्ण वाचावा.

निकाल सर्वांना माहीत आहे. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली, बाबासाहेबांना १,२३,५७६. चौदा हजार पाचशे एकसष्ट मतांनी संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पहिल्या लोकसभेबाहेर राहिला. काजरोळकर हेही दलितच होते. येथे व्यक्तीला दोष देण्याचा हेतू नाही. दलिताविरुद्ध दलित उभा राहिला आणि निवाडा इतरांच्या मतांनी झाला, हे या रचनेचे स्वरूप आहे. फेडरेशनला मुंबई राज्यातून लोकसभेची एकच जागा मिळाली. सोलापूरच्या दोन जागांच्या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. बाबासाहेब राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तीही जागा दोन सभासदांची. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले.

१९५५ साली फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागा बंद कराव्यात असा ठराव केला. आपल्या अभ्यासवर्गातील त्या मुलीने जो प्रश्न विचारला तो नवा नाही. तो बाबासाहेबांच्या हयातीत, त्यांच्याच पक्षाने विचारला होता.

सर्वसाधारण जागांवरून आलेली माणसे

१९५७ च्या निवडणुकीत द्वैभाषिक मुंबई राज्याला ६६ जागा होत्या. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तीन-चार महिनेच झाले होते. मध्य मुंबईच्या राखीव जागेवरून गोपाळ काळूजी माने निवडून आले; त्यांच्या जोडीला सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे. परंतु दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून निवडून आले, ते सर्वसाधारण जागांवरून. आपल्या पक्षाची, आपल्या निर्णयाने उभी राहिलेली माणसे सर्वसाधारण जागांवरून दिल्लीला गेली. समितीतील इतर पक्षांच्या मतदारांनी त्यांना मते दिली, कारण संयुक्त महाराष्ट्राचे उद्दिष्ट समान होते.

त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरमच्या दोन जागांच्या मतदारसंघात एक घटना घडली. तेथे राखीव जागा आदिवासींची होती. राखीव जागा भरून झाल्यावर उरलेल्या सर्वांत अधिक मते दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला, दिप्पल सुरी दोरा यांना पडली होती. त्यामुळे सर्वसाधारण जागाही त्यांनाच मिळाली. हरले ते व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५९ साली न्यायालयाने सुरी दोरा यांची निवड कायम केली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६१ साली, दोन सभासदांचे मतदारसंघ रद्द करणारा कायदा झाला. मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च फार होतो, ही कारणे सांगितली गेली, आणि ती खोटी नव्हती. तरी काळाचा हा क्रम वाचकांनी नजरेत ठेवावा.

तेव्हापासून आजची पद्धत सुरू झाली. राखीव मतदारसंघात उमेदवार फक्त अनुसूचित जातींचे, मतदार सगळे. मतदारसंघ कोठे राखायचे याचा नियमही पाहण्यासारखा आहे. आदिवासींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असेल तेथे ठेवल्या जातात. अनुसूचित जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून, आणि शक्य तेथवर त्यांचे प्रमाण तुलनेने अधिक असेल अशा ठिकाणी ठेवल्या जातात. महाराष्ट्रातील एकाही राखीव लोकसभा मतदारसंघात अनुसूचित जातींचे बहुमत नाही. म्हणजे तेथे निवडून येऊ इच्छिणाऱ्याला प्रथम बहुसंख्य जातींना न दुखावणारा उमेदवार व्हावे लागते. शिवाय १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्याचे सभासदत्व जाते. पाणी तोडणारे लोक त्याचे मतदार, तिकीट देणारे श्रेष्ठी त्याचे मालक. आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे. खासदार भ्याड असेल किंवा नसेल. त्याची खुर्ची मात्र भ्यायला लावणारी आहे.

१९६२ साली रिपब्लिकन पक्षाला लोकसभेत तीन जागा मिळाल्या. तिन्ही उत्तर प्रदेशात. महाराष्ट्राच्या ४४ पैकी एकही नाही. पुढे गट पडले आणि त्यांची कहाणी येथे उगाळण्यात अर्थ नाही. परंतु १९९८ चे वर्ष आठवावे. गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, असे चार खासदार निवडून आले. या चारही जागा तेव्हा सर्वसाधारण होत्या. ती लोकसभा तेरा महिने टिकली आणि ऐक्यही टिकले नाही. तरीसुद्धा १९५७ आणि १९९८ या दोन्ही वर्षांचा अर्थ एकच आहे. ज्या अटींवर समझोता होतो त्या अटी आपण एकजुटीने ठरविल्या, तर राखीव नसलेल्या जागाही आपल्याला दूर नाहीत.

मोजणीचा रकाना

आता सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येतो.

१९७१ च्या जनगणनेच्या वेळी मी जुन्या मॅट्रिकच्या वर्गात होतो. गणना करणारे मास्तर आमच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी धर्म विचारला. वडील म्हणाले, “बौद्ध.” त्यांनी जात विचारली. वडील म्हणाले, “ती नागपूरला सोडली. नुसतं बौद्ध लिहा.” वडील १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर होते. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो ताठा होता तो मी जन्मभर विसरणार नाही.

त्या दिवशी त्यांनी काहीही सांगितले असते तरी कायद्यापुढे फरक पडला नसता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला तो १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत धर्मांतरित माणसाला राखीव जागेवर उभेही राहता येत नव्हते. नागपूरच्या राखीव विधानसभा मतदारसंघातून निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, एवढ्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक अवैध ठरविली.

आता जागांचा हिशेब करू. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. अनुसूचित जाती सुमारे ३० लाख, म्हणजे शेकडा ६. बौद्ध सुमारे ३२ लाख ६० हजार, म्हणजे शेकडा साडेसहा. हे बौद्ध जवळजवळ सगळे कालचे अस्पृश्य. १९७७ च्या निवडणुकीपासून राज्याला लोकसभेच्या ४८ जागा मिळाल्या. त्यांपैकी अनुसूचित जातींना ३ : बुलडाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर. दोन्ही आकडे एकत्र धरले असते तर प्रमाण साडेबारा टक्के झाले असते आणि जागा सहा. गाव तेच, वस्ती तीच, पाणवठ्यावरची अडवणूकही तीच. फक्त रकाना बदलला आणि निम्म्या जागा गेल्या.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठविली. त्यामुळे १९९० साली बौद्धांना सवलत मिळाली, १९९१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले, तरी राखीव जागा तीनच राहिल्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्या पाच झाल्या : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. १९७१ ते २००८, म्हणजे एक पिढी जन्मून मतदार होऊन तिला मुले होईपर्यंतचा काळ.

हा प्रश्न संपलेला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातींत मोजले गेले ते सुमारे ५२ लाख. उरलेले सुमारे १३ लाख बौद्ध त्या हिशेबात नाहीत. हे तेरा लाख धरले तर राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण पावणेबारा टक्क्यांवरून तेराच्या जवळ जाते. लोकसभेच्या ४८ जागांत एवढ्याने फारसा फरक पडणार नाही, पण विधानसभेच्या २८८ जागांत तो सुमारे तीन जागांचा आहे. केंद्र सरकारने २०२५ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत सर्व जातींची नोंद होणार आहे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली होती. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागांतही एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत, आणि त्याची सांगडही जनगणना आणि पुनर्रचना यांच्याशी घातली आहे. तेव्हा या नोंदीचे मोल मोठे आहे.

अभ्यासवर्गाच्या दुसऱ्या दिवशी मी हे सगळे सांगितले तेव्हा एक वयस्क कार्यकर्ते उठून म्हणाले, “मास्तर, बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेली जात तुम्ही आमच्या तोंडून पुन्हा वदवून घेता?” त्यांचा राग मला समजतो. तो माझ्या वडिलांचाच राग आहे. माझे उत्तर असे की, धर्माच्या रकान्यात बौद्ध म्हणून अभिमानाने लिहावे, आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर असलेली जात लिहावी. जात मानणे वेगळे आणि जातीने आपल्यावर काय केले त्याची सरकारदफ्तरी नोंद करणे वेगळे. १९७१ साली या दोन नोंदी कायद्याने एकत्र नांदू शकत नव्हत्या. १९९० पासून त्या नांदू शकतात. त्या कार्यकर्त्यांना हे पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही. त्यांच्याशी चर्चा चालू आहे, आणि या त्रैमासिकाच्या वाचकांनीही ती करावी.

त्या मुलीच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन. राखीव जागा हव्यात, कारण त्या नसत्या तर केंद्रीय कायदेमंडळात १९१९ साली आपण जेथे होतो तेथेच राहिलो असतो. पण जागा मिळाली म्हणजे प्रतिनिधी मिळाला असे समजू नये. मोजणी चुकली तर जागा कमी होतात, मतदानाची रीत बदलली तर जागा असूनही माणूस आपला राहत नाही, आणि एकजूट मोडली तर हे दोन्ही बदल करून घेण्याचे बळ राहत नाही. त्या मुलाला मी एवढेच सांगेन की, खासदाराला जाब अवश्य विचार. पण त्याच दिवशी आपल्या गावच्या मतदारयादीत आपल्या वस्तीची किती नावे आहेत तेही मोजून ये. माझ्या वडिलांची एक चिठ्ठी फुकट गेली होती आणि त्यांना ती का गेली हे कोणी समजावून सांगितले नव्हते. त्या अभ्यासवर्गातल्या मुलांना तरी ते माहीत असावे.